छळामुळे नोकरी सोडावी लागली, तर पैसे कुठून आणि कसे मागायचे

राजीनाम्यावर 'घरगुती अडचणीमुळे' लिहायला दोन सेकंद लागतात. काजू फॅक्टरी असो, कोळंबी सोलण्याचं युनिट असो, तारकर्लीचं रिसॉर्ट असो किंवा लोट्याच्या एमआयडीसीतलं पॅकिंग, ऑफिसातला माणूस तयार मजकूर पुढे सरकवतो, 'इथे सही कर, हिशेब लगेच देतो' म्हणतो. लैंगिक छळ सोसलेल्या बाईला एकदाचं तिथून सुटायचं असतं. ती सही करते. आणि ज्या ज्या ठिकाणी पुढे पैसे मागता आले असते, त्या प्रत्येक टेबलावर तोच कागद तिच्या आडवा येतो.

अमेरिकेत बेकारभत्ता राज्याराज्याचा असतो. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला तो सहसा मिळत नाही, पण सोडण्यामागे सबळ कारण दाखवलं तर मिळू शकतो, आणि लैंगिक छळ हे अनेक राज्यांत तसं कारण धरलं जातं. मोबाइलवर असलं काही वाचलं की आपल्याकडेही एखादा भत्ता असेलच असं वाटतं. तसा एकच एक भत्ता आपल्याकडे नाही. पैसे आहेत, पण वेगवेगळ्या खिशांत: मालकाकडचा हिशेब, ईएसआयसी (पगारातून कापला जाणारा कामगार विमा), पीएफ आणि २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखाली छळ करणाऱ्याकडून मिळणारी भरपाई. प्रत्येक खिशाची अट वेगळी. सगळीकडे लागतो तो एकच कागद, नोकरी कशामुळे गेली हे सांगणारा आणि पोच असलेला.

सोडण्याआधी: तीन महिन्यांची रजा

अजून राजीनामा दिला नसेल, तर देऊ नका. आधी तक्रार द्या. २०१३ च्या 'कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण)' कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, चौकशी चालू असताना बाईने लेखी मागणी केली तर चौकशी करणारी समिती तीन गोष्टींची शिफारस करू शकते: तिची किंवा छळ करणाऱ्याची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि त्याने तिच्या कामाचा अहवाल लिहू नये असा आदेश. ही रजा तिच्या हक्काच्या इतर रजांच्या वर असते. त्यातून एक दिवसही कापता येत नाही.

इथे एक मेख आहे. कायद्यात 'रजा' लिहिलंय, 'पगारी' हा शब्द नाही. म्हणून मागणीत तो शब्द तुम्हीच घाला: 'कलम १२ नुसार मला तीन महिने पूर्ण पगारी रजा मंजूर करावी.' आणि मागणी लेखीच हवी. 'मॅडमना सांगितलं होतं' याला काही अर्थ नाही. तुमच्या बदलीचा विषय तुम्ही न मागता निघाला, तर तिथल्या तिथे लिहून द्या की मी बदली मागितलेली नाही, त्याची करावी. छळ त्याने करायचा आणि रोज कुडाळहून वेंगुर्ल्याला एसटीने हेलपाटे तुम्ही मारायचे, असं होता कामा नये.

ज्यांच्या पगारातून ईएसआयसी कापलं जातं त्यांना आणखी एक वाट आहे. झोप उडणं, धडधडणं, जेवण न जाणं ही आजाराची लक्षणं आहेत आणि ईएसआयसीचे डॉक्टर त्यावर प्रमाणपत्र देऊ शकतात. ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांचं योगदान भरलेलं असेल तर आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्क्यांनी मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. डॉक्टरला खरं कारण सांगा. केसपेपरवर 'कामाच्या ठिकाणच्या त्रासामुळे' असा उल्लेख आला तर तोच कागद पुढे भरपाईच्या वेळी पुरावा होतो.

तक्रार कोणाकडे

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक जागी अंतर्गत समिती असायलाच हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. दहा माणसांत ठेकेदाराची माणसं, रोजंदारीवरची, शिकाऊ, तात्पुरती सगळी धरायची. 'आमच्याकडे पगारपत्रकावर सहाच आहेत' हे उत्तर चालत नाही. समिती नसेल तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीत एक ओळ घालाच: 'या आस्थापनेत समितीचा फलक लावलेला नाही, सदस्यांची नावं आम्हाला कधी सांगितलेली नाहीत.'

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. आपल्या किनाऱ्यावर बहुतेकींची वाट हीच आहे, कारण चार खोल्यांच्या होमस्टेत, डॉक्टरच्या दवाखान्यात, कपड्यांच्या दुकानात किंवा हंगामी कॅनिंगमध्ये मालक आणि साहेब एकच असतो. रायगडात अलिबाग, रत्नागिरीत रत्नागिरी, सिंधुदुर्गात ओरोस, म्हणजे जिथे जिल्हाधिकारी कार्यालय आहे तिथल्या महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात चौकशी करा. मंडणगडहून रत्नागिरी किंवा दोडामार्गहून ओरोस गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. त्यासाठीच कायद्यात तालुक्याला समन्वय अधिकारी ठेवलाय. तक्रार त्याच्याकडे दिली की त्याने सात दिवसांत ती समितीकडे धाडायची असते. हे अधिकारी आणि समित्या अनेक जिल्ह्यांत कागदावरच राहिल्या होत्या. गोव्यातून सुरू झालेल्या ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये देशभर त्या नेमण्याच्या तारखा घालून दिल्या. तहसीलदार कार्यालयात 'असं काही आमच्याकडे नाही' म्हणाले, तर वाद घालू नका. 'समन्वय अधिकाऱ्याचं नाव कळवावं' एवढाच अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

केंद्राचं शी-बॉक्स पोर्टलही आहे. ऑनलाइन तक्रार टाकली की ती संबंधित समितीकडे वळते आणि पुढे कुठे पोचली ते पाहता येतं. आवकच्या शिक्क्याला कोणी टाळाटाळ करत असेल तर हा मार्ग बरा, कारण नोंद आपोआप होते.

नोकरी सोडून झाली तरी तक्रार करता येते. कायद्यात 'पीडित महिला' म्हणजे नोकरीत असो वा नसो, कोणत्याही वयाची बाई. 'आता ती आमची कामगार नाही' हे सांगून समितीला हात झटकता येत नाहीत.

मुदत

शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ती का दिली हे तिने लेखी नोंदवायचं असतं, म्हणजे उशिराचं कारण तुम्हाला लेखी द्यावं लागतं: आजारपण, धमकी, बाळंतपण, काहीही, पण कागदासह.

आपल्याकडे मुदत जाते ती सणांच्या नावाने. 'गणपती होऊ देत, मग बघू.' शिमग्यात घडलेल्या प्रसंगाचं गणपतीपर्यंत काही केलं नाही, तर तीन महिने कधीच उलटलेले असतात आणि वाढीव मुदतीतला जेमतेम पंधरवडा हातात उरतो. अधिक महिन्याचं वर्ष असेल तर तोही नाही. घरात कोणाला सांगायचं, कोणाला नाही, हे ठरायला वेळ लागू दे. तारखेसह कागद मात्र आधी आत गेला पाहिजे. तक्रारीत नंतर भर घालता येते.

तक्रारीचा कागद

नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देण्यात मदत करणं हे समितीचं काम आहे. ते नाकारलं तर तेही तक्रारीत लिहा. एक प्रत सात कामाच्या दिवसांत समोरच्याला जाते, त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि त्यावर मालकाने ६० दिवसांत अंमल करायचा. सुनावणीत वकील बसत नाही, ना तुमचा, ना त्याचा. कागद वकिलाकडून तयार करून घ्यायला मात्र कोणाची आडकाठी नाही.

'तो वाईट नजरेने बघतो, घाणेरडं बोलतो' एवढ्यावर समिती फार पुढे जाऊ शकत नाही. प्रसंग असा लिहा:

'१२ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.४० च्या सुमारास. थंडगाराच्या मागच्या दारापाशी मी खोक्यांवर लेबल लावत होते. सुपरवायझर मागून आले. माझ्या कमरेला हात लावला. मी बाजूला झाले. ते म्हणाले, "सिझन संपला की कोणाला ठेवायचं ते माझ्या हातात आहे." शेजारच्या टेबलावरच्या दोन बायकांनी मान वर केली. मी ६.५० ला पाणी प्यायला गेले आणि परत आलेच नाही. रात्री ८.१५ ला बहिणीला फोन केला.'

यातलं 'सिझन संपला की' हे वाक्य सर्वांत वजनदार. नोकरी ठेवण्या-न ठेवण्याची धमकी जोडली गेली की गोष्ट थेट कायद्याच्या कलम ३ मध्ये जाऊन बसते. तो नेमके काय शब्द बोलला ते तसेच्या तसे लिहा. शिवराळ असले तरी गाळू नका, सभ्य करू नका. बहिणीला केलेल्या फोनची नोंद मोबाइलमधून काढून जोडा.

व्हॉट्सॲपच्या नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. त्यात नंबर नसतो, नुसतं 'सर' असं सेव्ह केलेलं नाव दिसतं. संपर्काचं पान उघडून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्या, संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या मेलवर पाठवा, आणि मूळ मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. नवऱ्याच्या किंवा भावाच्या मोबाइलवर पुढे ढकललेला मेसेज हा मूळ पुरावा नाही. कोर्टाची वेळ आली तर मूळ उपकरण आणि त्यासोबतचं प्रमाणपत्र लागतं.

सिद्ध करता आलं नाही म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही. कायद्यातच तसं म्हटलंय. 'खोटं ठरलं तर तुलाच आत टाकतील' ही धमकी तक्रारीआधीच दिली जाते, म्हणून हे माहीत असू द्या.

सुनावणीच्या सलग तीन तारखांना सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलात, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन समिती प्रकरण बंद करू शकते. पावसात घाट बंद असेल, एसटी सुटली नसेल, तर त्याच दिवशी मेल किंवा मेसेज टाका आणि दुसऱ्या दिवशी कागद द्या.

समेट

गावात हे प्रकरण भावकीत किंवा मालकाच्या बैठकीत मिटवायचा जोर असतो. 'एवढे घे आणि विषय संपव.' कायद्यात समेट आहे, पण तो बाईने मागितला तरच, आणि त्याचा पाया पैसा असता कामा नये. शिवाय समेट झाला की चौकशी होत नाही. म्हणजे दहा हजार हातावर ठेवून सही घेतली, तर पुढच्या भरपाईचा दरवाजाही गेला. माफी, त्याची बदली, अनुभवाचं पत्र एवढंच हवं असेल तर समेट चांगला. पैसे हवे असतील तर तो मार्ग तुमचा नाही.

राजीनामा द्यावाच लागला, तर

रोज तोंड बघणं अशक्य झालंय, समिती हलत नाही, घरचे नको म्हणतात. सोडावं लागतं. अशा वेळी छापील नमुन्यावर सही करू नका. साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहा:

'मी अमुक तारखेपासून येथे पॅकिंग विभागात काम करते. तमुक व्यक्तीकडून माझा लैंगिक छळ झाला. त्याबद्दल मी अमुक तारखेला लेखी तक्रार दिली आहे. कामाची जागा माझ्यासाठी सुरक्षित राहिलेली नाही, त्यामुळे मला नाइलाजाने काम सोडावं लागत आहे. हा राजीनामा माझ्या इच्छेने दिलेला नाही. तक्रारीचे आणि भरपाईचे माझे सर्व हक्क मी राखून ठेवत आहे. नोटीस कालावधी माफ करावा आणि त्यापोटी कोणतीही वजावट करू नये.'

घटनेचा तपशील इथे नको, तो तक्रारीत आहे. कामगार विभागाचा लिपिक, पीएफचा माणूस, सगळे हा कागद वाचतात. कारणापुरता एक शब्द पुरतो.

दोन प्रती काढा. एका प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. घेत नसतील तर पोच मिळेल अशा पद्धतीने पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती लग्नाच्या दाखल्याइतकी जपा. तो मोबाइलवरही पाठवा. 'साहेब बाहेर गेलेत, उद्या या' यात आठवडा घालवू नका.

'घरगुती अडचणीमुळे' आधीच देऊन बसलात? तरी सगळं संपलं नाही. लगेच दुसरं पत्र द्या: अमुक तारखेच्या राजीनाम्यातला मजकूर कार्यालयाने दिला होता, खरं कारण हे आहे. जितका उशीर, तितकं त्या पत्राचं वजन कमी. महिन्याच्या आत दिलं तर समिती ते गांभीर्याने घेण्याची शक्यता जास्त.

हिशेब

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की काढून टाकणं, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. 'पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला' नाही. सोबत न वापरलेल्या रजेचा पगार, आणि वर्षात ३० दिवस काम केलं असेल व तुमच्या जागी बोनस लागू असेल तर त्याचा वाटा.

पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी, म्हणजे केलेल्या वर्षांबद्दल मालकाने सोडताना द्यायची एकरकमी रक्कम. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १४,००० रुपये आणि सहा वर्षं असतील तर सुमारे ४८,४६० रुपये. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेप्रमाणे एका वर्षानंतरच हक्क लागतो. कॅनिंगवाले आणि रिसॉर्टवाले ठरावीक मुदतीच्या करारावर माणसं घेतात. अशा करारातल्या बाईलाही ग्रॅच्युइटी असू शकते हे तिच्या गावीही नसतं.

हिशेबाच्या व्हाउचरवर रेव्हेन्यू तिकीट लावून खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: 'सर्व रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार शिल्लक नाही.' ती ओळ खोडा, शेजारी सही करा आणि लिहा: 'इतर सर्व हक्क राखून रक्कम स्वीकारली.' खोडू देत नसतील तर सही न करता बाहेर या. पगार बँकेत आला तरी चालतो. मुकादमाने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही तर कधीच नाही.

ईएसआयसीचा बेकारी भत्ता

खऱ्या अर्थाने 'बेकारी भत्ता' म्हणावा असा हाच. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासून. मुळात सरासरी पगाराच्या २५ टक्के होता, २०२० मध्ये ५० टक्के झाला. जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. योजना मुदतवाढीवर चालते, त्यामुळे अर्जाआधी शाखा कार्यालयात चालू मुदत आणि चालू अटी विचारून घ्या.

अटी: बेकार होण्याआधी किमान दोन वर्षं विमित नोकरी. बेकार होण्याच्या लगेच आधीच्या योगदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं योगदान, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीत आणखी ७८ दिवस. योगदान कालावधी म्हणजे १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. कोकणात गोष्ट बिघडते ती इथे. मासळीचा हंगाम पावसात बंद, कॅनिंग एप्रिल-मेचंच, आणि मालक सहा महिन्यांसाठी नाव कमी करून परत घालतो. ७८ दिवस भरलेत की नाही ते स्वतः बघा. ईएसआयसीच्या पोर्टलवर तुमच्या दहा आकडी विमा क्रमांकाने लॉगिन केलं की महिनावार दिवस दिसतात. पगारातून कापलेले पैसे आणि तिथे दिसणारे दिवस जुळत नसतील तर ते लेखी शाखा कार्यालयाला कळवा. तोच एक वेगळा गुन्हा आहे.

रक्कम साधारण अशी निघते: दोन वर्षांत महिना १४,००० धरले तर ३,३६,००० रुपये, भागिले ७३० म्हणजे रोजचे ४६०, त्याचे निम्मे २३०. नव्वद दिवसांचे सुमारे २०,७०० रुपये. फार नाही, पण तीन महिन्यांचं घरभाडं आणि किराणा निघतो.

आता अडचण. गैरवर्तनामुळे काढलेले, वयोमानाने निवृत्त झालेले आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेले यांना हा भत्ता नाही. नोकरी कशी गेली हे मालक पोर्टलवर कोडने भरतो, आणि सगळे राजीनामे 'नोकरी सोडली' अशा मोघम खात्यात जातात. तिथे तुमचा राजीनामा खुशीचा की नाइलाजाचा, हे कोड सांगत नाही. ते सांगणारा कागद तुम्हालाच जोडायचा: कारण लिहिलेला राजीनामा, तक्रारीची पोच, असेल तर समितीचा अहवाल किंवा एफआयआरची प्रत. याने दावा मंजूर होईलच अशी खात्री कोणी देऊ शकणार नाही. कागद नसेल तर तो फेटाळला जाण्याला कोणी नवल मानणार नाही, एवढं मात्र नक्की. फेटाळला तर कारण लेखी मागा. तोंडी 'बसत नाही' यावर परत येऊ नका.

दावा बेकार झाल्यापासून ३० दिवसांनी करता येतो. ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढून सही करून शाखा कार्यालयात द्यायचा, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रतीसह. बऱ्याचजणींचं घोडं नावापाशी अडतं. विमा कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. नोकरीत असतानाच ते जुळवून घ्या, कारण दुरुस्तीला बऱ्याचदा मालकाची सही लागते, आणि भांडण झाल्यावर तो ती देत नाही.

पीएफ

हा पैसा तुमचाच, त्याला कारण लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की बेकार झाल्यावर ७५ टक्के लगेच काढता यावेत आणि उरलेले २५ टक्के बारा महिने बेकारी राहिली तर. मालक सोडल्याची तारीख भरत नसेल तर शेवटच्या योगदानानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता. पाच वर्षांच्या आत ५०,००० पेक्षा जास्त काढलेत तर कर कापला जातो. शक्यतो सगळा काढू नका. गरजेपुरताच काढा.

भरपाई: मोठी रक्कम इथे आहे

समितीने छळ झाला असं ठरवलं, तर कलम १५ प्रमाणे ती त्याच्या पगारातून भरपाई ठरवते. बघायच्या गोष्टी: मानसिक त्रास, करिअरचं नुकसान, शारीरिक किंवा मानसिक उपचारांचा खर्च, त्याची ऐपत, आणि एकरकमी की हप्त्यांनी. 'करिअरचं नुकसान' यातच नोकरी सोडावी लागल्याचा पैसा येतो. समिती स्वतःहून आकडा काढेल ही आशा धरू नका. हिशेब तुम्ही मांडून द्या:

मार्च ते जून बेकार, चार महिने, महिना १४,०००: ५६,०००. जुलैपासून बाजारपेठेतल्या दुकानात ९,०००, दरमहा ५,००० कमी, एका वर्षाचे ६०,०००. रत्नागिरीत मानसोपचार तज्ज्ञाच्या सहा भेटी, बिलं जोडली आहेत. एसटीची तिकिटं, जोडली आहेत. न मिळालेला बोनस. एकूण अमुक.

तिकिटं फाडून टाकू नका. शंभर-दीडशे रुपयांचं तिकीट भरपाईत फार भर घालत नाही, पण तुम्ही खरोखर गेलात, सहा वेळा गेलात, हे सांगतं.

त्याने पैसे दिले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करण्याचा आदेश जिल्हा अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. सातबारावर नाव असलेल्या माणसाला हे वाक्य समजतं. अहवाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील.

मालकाने सोडायला लावलं असेल तर

'तक्रार मागे घे, नाहीतर राजीनामा दे' असा पर्याय ठेवला असेल, तर तो राजीनामा नसून कामावरून काढणं आहे असा दावा करता येतो. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्यायचा, दोन वर्षांच्या आत. परत कामावर घेणं किंवा मागचा पगार हे इथे मागता येतं. तुम्ही पर्यवेक्षक असाल आणि पगार १८,००० च्या वर असेल तर तुम्ही 'कामगार' या व्याख्येबाहेर जाता, मग हा मार्ग नाही. वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची खोली विचारा. तक्रारीचा मसुदाही ते करून देतात.

कशातच नाव नसलेल्या

घरकाम करणारी, बागेतली, मासे सुकवणारी, ठेकेदाराने वहीत नुसतं नाव लिहिलेली. पीएफ नाही, ईएसआयसी नाही. त्यांना भत्ता मिळणार नाही हे खरं, पण कायद्याचं संरक्षण पूर्ण आहे. 'कामाची जागा' यात कोणाचं घर येतं, मालकाने दिलेलं वाहनही येतं. घरकामवालीची तक्रार स्थानिक समितीकडे आली आणि त्यात तथ्य दिसलं, तर समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते. मजुरीचा पुरावा म्हणून पैसे मिळाल्याचे गुगल पे किंवा फोनपेचे मेसेज, हजेरीच्या वहीचा फोटो, गणवेश, काहीही धरून ठेवा. रोखीत मजुरी घेत असाल तर आजपासून कॅलेंडरवर तारीख आणि रक्कम लिहायला लागा.

पोलीस

समिती आणि पोलीस या दोन वेगळ्या वाटा आहेत, एक घेतली की दुसरी बंद होत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळाचं. स्पर्श किंवा शरीरसुखाची मागणी असेल तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, लैंगिक शेरेबाजीला एक वर्षापर्यंत. पाठलाग असेल तर कलम ७८. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, तुमच्या गावचं ठाणं असलंच पाहिजे असं नाही. गावचा अंमलदार त्याच्या ओळखीचा असेल तर पुढच्या तालुक्यात जा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. तातडीला ११२ आणि १८१.

नवीन नोकरीच्या मुलाखतीत 'आधीची का सोडलीत' हा प्रश्न येतो. तक्रार गोपनीय ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. प्रकरण हाताळणाऱ्यांपैकी कोणी तुमचं नाव, त्याचं नाव, कामकाज बाहेर फोडलं तर त्याला ५,००० रुपये दंड आहे. त्यामुळे 'कामाचं ठिकाण सुरक्षित नव्हतं' एवढं सांगितलं तरी पुरे. अनुभवाचं पत्र मात्र हिशेबासोबतच, त्याच दिवशी, लेखी मागून ठेवा.